तिसरं शील

आमच्या बापूंना गाता येत नव्हतं, पण वंदना त्यांनीच सांगावी असं सगळ्या वाडीचं म्हणणं असायचं. वंदना सांगायची म्हणजे एक ओळ त्यांनी म्हणायची, थांबायचं, आणि मागून सगळ्यांनी तीच ओळ म्हणायची. लग्न असो, बाळाचं नाव ठेवायचं असो, नव्या घरात शिरायचं असो की कुणी गेलेलं असो, आमच्यात आधी पंचशील आणि मग बाकीचं सगळं. हत्या करणार नाही, चोरी करणार नाही, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या-बायकोच्या वाटेला जाणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशी ती पाच वचनं. शब्द पालीतले, पण अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाचव्या शीलाला मागच्या रांगेत हमखास खोकला सुरू व्हायचा, कारण तिथले अर्धे जण नुकतेच मांडवामागं जाऊन आलेले असायचे. बापू मग ती ओळ मुद्दाम सावकाश सांगायचे आणि ते बिचारे ती सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचे. बायका पदराआड हसायच्या. बापू ओळ संपवून थांबले की आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हणायचं असतं, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून कळत होतं.

आमची वाडी शेणव्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी आमच्या दारावरून जायची, तेव्हा फळीवरची भांडी हलायची. बापू जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी चौथीत असताना त्यांची बदली मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावात झाली. रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथंच खोली घेतली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मुरबाडला येऊन ते गाडी पकडायचे आणि तिन्हीसांजेला दारात उतरायचे. एका हातात खाऊचा पुडा, खांद्याला कापडी पिशवी. पुडा माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे सुषमाताईचा. पिशवी आईची. तिच्यात आठवडाभराचे मळके कपडे असायचे.

त्या दिवशी आई तांदळाच्या भाकरी थापायची, जवळ्याची चटणी आणि वालाची भाजी करायची. पावसाळ्याच्या तोंडाला रानातली शेवळं मिळाली तर घर दुपारपासून कामाला लागायचं, कारण शेवळं नीट निवडली-शिजवली नाहीत तर घसा खाजतो. आई त्यात काकडाची आंबट फळं घालायची आणि पहिला घास बापूंना द्यायची. "खाजली तर सांगा, पोरींना देत नाय मग," असं म्हणायची. बापू मुद्दाम घसा धरून खोकायचे. ताई मोठी झाली तरी दर वेळी घाबरायची.

रविवारी आई ती पिशवी घेऊन विहिरीवर जायची. मी तिच्याबरोबर. धुण्याआधी प्रत्येक खिसा चाचपायची, शर्ट उजेडात धरायची. खडूची धूळ, शाईचा ठिपका, बाहीला करवंदाचा डाग. "पोरांना घेऊन रानात गेलेले वाटतं," असं आपल्याशीच बोलायची. दुसऱ्या गावात गेलेला नवऱ्याचा आठवडा तिला त्या कपड्यांतून कळायचा. मग धुणं आपटायला लागायची. तो आवाज टेकाडावर आपटून परत यायचा. माझ्याकडे आता मशीन आहे, बटण दाबलं की काम होतं, आणि मुलांच्या शर्टावर कसले डाग असतात ते मी बघतही नाही.

पुढे ती पिशवी हलकी होत गेली. आधी एखादाच शर्ट, मग नुसता टॉवेल, आणि एका शनिवारी पिशवीतून धुतलेले, घडी घातलेले कपडे निघाले. बाह्या आत दुमडून घातलेली घडी. आई बाह्या मागं घालायची. तिनं तो शर्ट हातात घेतला, घडी मोडली नाही, आणि विचारलं, "तिकडं धोबी हाय का?"

बापू म्हणाले, "आहे एक बाई. धुऊन देते."

दुसऱ्या दिवशी आईनं तेच धुतलेले कपडे विहिरीवर नेले, साबण लावला आणि परत धुतले. मी म्हटलं, "आई, हे स्वच्छच हायत." तर म्हणाली, "माझ्या हातचे नाय." त्या दिवशी धुण्याचा आवाज फार मोठा येत होता. मला वाटलं साबण निघत नसेल.

ती बाई म्हणजे विमलबाई. बापूंच्या शाळेशेजारी अंगणवाडी चालवायची. नवरा लवकर गेलेला. हे आम्हाला कुणी समोर बसवून सांगितलं नाही, तरी सगळं कळलं. मुरबाडच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांनी आणलं, विहिरीवर उतरवलं, आणि आम्ही गेलो की बोलणं थांबायला लागलं. शाळेत एका पोरीनं मला विचारलं, "तुला भाऊ झाला की बहीण?" तेव्हा मला कळलं की तिकडे मूल झालं आहे. मी घरी येऊन ताईला सांगितलं. ताई तांदूळ निवडत होती. ती उठली, बापूंनी तिला दहावीला घेऊन दिलेलं घड्याळ मनगटावरून काढलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवलं. पुढं कित्येक महिने तांदूळ काढताना ते हाताला लागायचं. आई ते बाजूला सारायची आणि माप भरायची.

बापू येत राहिले, पण पाहुण्यासारखे. दोन-तीन आठवड्यांनी यायचे, पडवीत बसायचे, जेवण चांगलं झालंय म्हणायचे. पूर्वी कधी म्हणाले नव्हते, तेव्हा गरजच नसायची. आई वाढायची. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. आमच्या घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागत होते, आणि त्या नीटपणाखाली जीव घुसमटत होता. ताईला राग धरता यायचा, तो तिचा आधार होता. मला तोही येत नव्हता. मला बापू हवे होते, आणि ते हवे आहेत असं म्हणणं म्हणजे आईच्या विरुद्ध जाणं होतं. शनिवारची गाडी पुढं निघून गेली की मी कंदिलाची काच पुसायला बसायची. वीज आली होती तरी पुसायची. वाडीनंही एक गोष्ट केली. कुणी भांडलं नाही, पण वंदनेला बापूंना बोलावणं बंद झालं. वाडीतले सगळ्यांत वडीलधारे सखारामतात्या सांगायला लागले. ते मध्येच अडकायचे, आणि मागून म्हणणारे अडकलेलंच म्हणायचे.

मग ताईचं लग्न ठरलं. मुलगा किन्हवलीकडचा, शहापूरला नोकरीला. पसंती झाली, तारीख ठरली, आणि वंदना कोण सांगणार हा प्रश्न आला. ताई म्हणाली, "बापू नकोत. ते आले तर मी उभी राहणार नाय." आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुझ्या लग्नाला तेच सांगतील. तुला बोलायला लावलं ते त्यांनी. पयला शब्द त्यांनी शिकवला तुला."

"आणि लोक?"

"लोक जेवायला येतात गो."

हे खरं तर फार मोठं धाडस होतं. आई वाडीच्या विरुद्ध कधी गेलेली नव्हती. ती सखारामतात्यांकडे गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, पोरीचं लगीन हाय. बापानं सांगावं असं मला वाटतं." तात्या बराच वेळ विडी ओढत बसले आणि शेवटी "तुझी मर्जी" म्हणाले. आईला वाटलं होकार मिळाला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बापू उतरले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर ट्रंक होती. पत्र्याची, हिरवी, बदली झाली तेव्हा नेलेली तीच. बरोबर वळकटीही. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या बांधणारे पुरुष हातातलं काम थांबवून बघायला लागले. बापूंनी ट्रंक पडवीत टेकवली आणि आईला हळू आवाजात म्हणाले, "जूनपासून शेणव्याची शाळा मिळतेय. तिकडं सांगून आलोय. तिथल्या पोरीला अधूनमधून भेटायला जावं लागेल मला."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "जावा की. लेकरू हाय." आणि थोड्या वेळानं, "ट्रंक आत ठेवा. पडवीत कुत्री येतात."

मी दाराआड उभी होते. ट्रंक आत आली, चुलीजवळच्या भिंतीला लागली, आणि मी इतकी खुश झाले की ताईच्या मेंदीवर पाय पडता पडता राहिला. आज मला माहीत आहे की आमचं घर भरताना कुठंतरी दुसरं घर रिकामं होणार होतं आणि तिथंही एक मुलगी होती. त्या संध्याकाळी मला त्याचं काही पडलं नव्हतं. बापू येणार होते, कायमचे. आई माठातलं पाणी काढताना गुणगुणत होती, आणि आई गुणगुणते हे मी विसरूनच गेले होते.

लग्न सकाळचं. उन्हाळा होता, मांडवात डहाळ्यांचा वास आणि पंगतीच्या भाताची वाफ. समोर टेबलावर तसबिरी, मेणबत्त्या, उदबत्त्या. ताई पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या शर्टात. बापूंनी धुतलेला सदरा घातला होता. तो रात्रीतून आईनंच परत पाण्यातून काढून वाळवला होता. त्यांनी हात जोडले आणि सुरुवात केली. कित्येक वर्षांनी तो आवाज मांडवात भरला. त्रिशरण झालं. पहिलं शील सांगितलं, मांडवभर लोकांनी मागून म्हटलं. दुसरं सांगितलं, म्हटलं. तिसरं त्यांनी सांगितलं, ओळ संपवली आणि थांबले.

मागून काही आलं नाही.

किन्हवलीच्या वऱ्हाडातल्या काहींनी सुरुवात केली, पण आमची माणसं गप्प आहेत असं बघून त्यांचेही आवाज विरले. पुरुष खाली मान घालून उभे होते. पुढे कळलं की आदल्या संध्याकाळी मांडव घालतानाच हे ठरलं होतं. मास्तरांना सांगू द्यायचं, पण तिसऱ्याला कुणी बोलायचं नाही. पाचव्या शीलाला आमच्या वाडीत आजवर कुणीही गप्प बसलं नव्हतं, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा मला फक्त बापूंचे जोडलेले हात दिसत होते. पंख्याचा खडखडाट ऐकू येत होता. स्वयंपाकाकडच्या बायकांनीही उलथनं थांबवलं होतं.

आणि आईनं ती ओळ म्हटली. एकटीनं. ताईच्या मागं उभी राहून, हात जोडून, डोळे बापूंकडे लावून, अगदी सावकाश, शब्द न् शब्द. आई शाळेत गेलेली नव्हती. ही वंदना लग्नानंतर बापूंनीच तिला चुलीपुढं बसून शिकवली होती. तिचा आवाज जाडा आणि सपाट, मांडवाच्या शेवटापर्यंत गेला. बापूंनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं. मग त्यांनी चौथं शील सांगितलं, खोटं न बोलण्याचं, आणि ते सगळ्यांनी खणखणीत म्हटलं.

पुढचा विधी बापूंनी कुठंही न अडकता पुरा केला. माळा घातल्या गेल्या, फुलं पडली. पंगतीत त्यांनी स्वतः बुंदी वाढली. सगळ्यांना आग्रह केला, गप्प बसलेल्यांनाही. ताईला निरोप देताना ते तिच्यासमोर उभे राहिले आणि ताईनं त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. एवढं तरी झालं. गाडी गेल्यावर मी घरात आले, तर बापू चुलीजवळून ट्रंक उचलत होते. मी विचारलं, "कुठं चाललात?" ते म्हणाले, "मंदा, आईला सांग, मला समजलं." आई मांडवात भांडी मोजून देत होती. मी धावत गेले, सांगितलं. ती म्हणाली, "काय समजलं?" मला ठाऊक नव्हतं. आम्ही रस्त्यावर आलो तोवर मुरबाडची गाडी वळणावर धूळ उडवत होती.

बापू परत राहायला आले नाहीत. शेणव्याची शाळा दुसऱ्या कुणाला मिळाली. सुरुवातीला कधीतरी यायचे, मग तेही थांबलं. आई कधी त्यांच्याविषयी वाईट बोलली नाही, चांगलंही नाही. शनिवारी तिन्हीसांजेला गाडी येऊन जाईपर्यंत चूल विझवायची नाही. मी शिकले, शहापूरला नर्स झाले, लग्न केलं. माझा नवरा ड्युटीवरून उशिरा आला की मी काही विचारत नसे, फक्त त्याचे कपडे हुंगायची. तो भला माणूस आहे. त्यानं एकदा ते पाहिलं आणि त्याला फार लागलं. ताईनं तर आयुष्यभर नवऱ्याची पगारवाढ असलेली बदलीसुद्धा होऊ दिली नाही. एका माणसाची चूक किती लांबवर जाते, ते त्या माणसाला दिसत नाही. त्याच्यापुढं फक्त त्याचाच रस्ता असतो.

बापू गेल्याचा फोन ताईच्या घरी आला. पुण्यानुमोदनाला आम्ही तिघी त्या गावी गेलो. आईनं ते गाव आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. समोर सिद्धगड, पायथ्याशी कौलारू घर, अंगणात सतरंज्या. विमलबाई पुढं आल्या. पिकलेल्या केसांच्या, साध्याच. त्या आईच्या पाया पडायला वाकल्या, तर आईनं त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि म्हणाली, "पाणी दे आधी. घसा सुकलाय." वंदना त्यांच्या मुलीनं सांगितली, प्रज्ञानं. कॉलेजात शिकणारी पोरगी. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली, आणि ताईनं माझा हात घट्ट धरला. तोच आवाज होता, तेच थांबणं.

जेवणं झाल्यावर मी प्रज्ञाला म्हटलं, "बापूंनी शिकवलं वाटतं तुला."

"शिकवलं. पण ते स्वतः कधी सांगत नव्हते. इथं कुणाला माहीतच नाय त्यांना येतं म्हणून. मागं बसायचे, सगळ्यांबरोबर म्हणायचे. तिसऱ्याला गप्प व्हायचे. मला लहानपणी वाटायचं, त्यांना तेवढंच पाठ होत नाय."

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली. "असं का करायचे? काय बोलले कधी?"

उत्तर विमलबाईंनी दिलं. खाली बघत म्हणाल्या, "एकदा बोलले. सुषमाच्या लग्नावरून आले तवा. बोलले, लोकांचं काय नाय, लोक गप्प रायले. पण तिनं सगळ्यांसमोर मला माझं शील ऐकवलं. आता त्या घरात राहायला तोंड नाय मला."

मग आईनं विचारलं, "त्यांचे मळके कपडे हायत का काय? धुवायचे रायलेले?"

विमलबाई आत गेल्या. परत यायला त्यांना वेळ लागला. दवाखान्यात नेण्याआधी घातलेला शर्ट खुंटीवर तसाच होता, तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता हे त्यांच्या धरण्यावरून दिसत होतं. त्यांनी तो आईच्या हातात दिला. आईनं घडी घातली नाही. तसाच मांडीवर घेऊन ती मुरबाडपासून शेणव्यापर्यंत गाडीत बसून राहिली. ताई खिडकीबाहेर बघत रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवर गेली. आता घरात नळ आहे, तरी विहिरीवर. मी मागोमाग गेले. तिनं खिसा चाचपला, आतून खडूचा एक तुकडा निघाला, तो पदरात बांधला. शर्ट उजेडात धरला. मग पाण्यात बुडवला, साबण लावला, आणि आपटायच्या ऐवजी हातानंच चोळत बसली.

"मंदे," ती म्हणाली, "मांडवात सगळे गप्प रायले ना, तवा ते एकटे उभे होते. मला बघवलं नाय. कुणीतरी मागून बोलायला पायजे म्हणून बोलले गो मी."

मी म्हटलं, "मला माहीत हाय, आई." मला माहीत नव्हतं. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं, जे बापूंना वाटलं.

तिनं शर्ट पिळला, झटकला आणि तारेवर टाकला. रस्त्यावरून सकाळची एसटी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आई तिकडे बघत राहिली.

"मुरबाडची गाडी रोज दारावरून जात होती," ती म्हणाली. "एक दिवस चढायला पायजे होतं मी."